शिबिर आपल्या गावात

शिबिर आमच्या धामणखेडला घ्या, असं रत्नमालानं स्वतःच्याच तोंडानं सांगितलं होतं. कुणी ते तिच्या गळ्यात मारलं नव्हतं. वर्गात गावंडे सरांनी विचारलं, यंदाचं ग्रामीण शिबिर कुठं घ्यायचं, आणि विशीतली पोरंपोरी मोबाइलात माना घालून बसली, तेव्हा शेवटच्या बाकावरची ही चाळिशी उलटलेली बाई उभी राहिली. सर, आमच्या गावात घ्या, शाळा मोठी आहे, पाण्याची सोय आहे, म्हणाली. सरांना काय, आयतंच झालं. बघा, अनुभव असा कामाला येतो, असं म्हणून त्यांनी तिचं कौतुकही केलं.

खरं कारण शाळा नव्हतं आणि पाणीही नव्हतं. तिला गावाला दाखवायचं होतं. तीन वर्षं गाव तिच्यामागं हसत होतं. सकाळी निंदणाच्या बाया खुरपी घेऊन वावराकडे निघत आणि ही खांद्याला पिशवी लावून फाट्याकडे. आठवड्यातले तीन दिवस कॉलेज आणि उरलेले दुसऱ्याच्या वावरात. काल ज्या हातानं तूर सोंगली त्याच चिरलेल्या हातानं आज समाजकार्याची मूल्यं लिहायची. पेन धरलं की बोटाच्या भेगेतून रक्त येई, आणि शेजारची पोरगी आपली वही जरा पलीकडे सरकवी. गावातल्या बाया म्हणत, रत्ना म्हातारपणी कलेक्टर होऊन राह्यली. पारावरचे बाप्ये त्याहून वाईट बोलत. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दहावी झाल्या झाल्या तिचं लग्न लागलं होतं. मुलगी धम्मदीपा बारावीला बसली, त्याच वर्षी आईनंही बारावीचा फॉर्म भरला. दोघी पास झाल्या. मुलगी नर्सिंगला अकोल्याला गेली आणि आई समाजकार्याच्या पदवीला. नवरा संघपाल शेलूबाजारला अडत्याकडे हमाली करी. तो नाही म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. पोती उचलून उचलून त्याची मान आखडली होती आणि बोलणंही तसंच आखडलेलं होतं.

तिच्या पाठीशी खरा उभा होता तो तिचा सासरा शेषराव. पंचाहत्तरी ओलांडलेला, काटकुळा, चौथीपर्यंत शिकलेला म्हातारा. ती कॉलेजला जाई त्या दिवशी ज्वारीचं पीठ तो स्वतः मळी, भाकरी थापी आणि फडक्यात बांधून तिच्या पिशवीत ठेवी. सासरा सुनेला भाकरी करून देतो म्हणून गाव त्यालाही हसलं. त्यानं कान दिला नाही. त्याचं एकच मागणं होतं. डिग्री ज्या दिवशी भेटन त्या दिवशी मी तुह्यासंग येतो, म्हणायचा. त्यासाठी त्यानं पांढरा सदरा शिवून ठेवला होता. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेला तेव्हाही तो अंगात घातला नाही. जुन्यावरच गेला. नवा सदरा पेटीत डांबरगोळ्या घालून तसाच.

मानोऱ्याला मुलींचं एक वसतिगृह उन्हाळ्यानंतर सुरू होणार होतं. चालवणाऱ्या बाईंनी रत्नमालाला शब्द दिला होता: डिग्री घेऊन या, वॉर्डनची जागा तुमची. यंदा नाही तर मग नाही, कारण जागा कुणासाठी थांबत नसते. आणि शिबिरात पास झाल्याशिवाय डिग्री नव्हती. ही गोष्ट तिला पक्की ठाऊक होती, सरांना ठाऊक होती, आणि सरांनी बोलण्याच्या ओघात ती जानरावलाही सांगितली होती.

जानराव म्हणजे गावातला मोठा शेतकरी. शिबिराला ज्वारी, तुरीची डाळ आणि ट्रॉलीभर लाकडं त्यानंच दिली. माणूस वाईट नव्हता, असं सगळेच म्हणत. रत्नमाला लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच्या वावरात निंदायला जात होती. तो मजुरी वेळेवर देई आणि शिवी देत नसे.

शिबिर जानेवारीत लागलं. तुरी सोंगून पडल्या होत्या, हरभरा घाट्यावर आला होता. शाळेच्या पटांगणात मंडप, मंडपात खुर्च्या, विद्यार्थ्यांच्या डोक्याला पांढऱ्या टोप्या आणि गळ्यात कार्डं. प्रास्ताविक रत्नमालानं करायचं ठरलं होतं. आठ दिवस ती ते पाठ करत होती, चुलीपुढं, वावरात, जीपमध्ये. शेषराव शाळेच्या फाटकाशी येऊन उभा होता. आत ये म्हटलं तरी आला नाही. इथूनच बराबर दिसते, म्हणाला.

ती माइकपाशी गेली. पहिल्या रांगेत खुर्चीवर जानराव होता, बाजूला सरपंच. जानराव सहज म्हणाला, अगदी सवयीनं, "रत्ना, बोलशीन मंग. पह्यले पाहुण्यायले पाणी दे."

आणि तिचे पाय आपोआप माठाकडे वळले. यातलं दुःख हेच की वळले. ट्रे घेऊन ती सगळ्यांपुढून फिरली, आणि पाणी देऊन परत आली तोवर वैभवी नावाच्या पोरीनं प्रास्ताविक उरकून टाकलं होतं. वैभवी कारंज्याकडची, चांगल्या घरची, बोलायला चुणचुणीत. कार्यक्रम अडायला नको म्हणून सरांनीच तिला खुणावलं होतं. रत्नमालानं फाटकाकडे पाहिलं. शेषराव निघून गेला होता.

शिबिराचा नियम असा की सात दिवस घरी जायचं नाही. शाळेपासून तिचं घर हाकेवर. वर्गखोलीच्या खिडकीतून तिच्या वस्तीतली, बुद्धनगरातली घरं दिसत आणि संध्याकाळी आपल्या चुलीचा धूर तिला ओळखू येई. पोरी रात्री सतरंजीवर लोळत गाणी ऐकत आणि हिच्या मनात सासरा, मामाजींनी तुरीच्या शेंगा नीट शिजवल्या का. दिवसा सर्व्हे होई, गटार उपसणं होई. गटार उपसताना पोरं हातमोजे घालून फोटो काढून घेत. गटार तिनंही उपसलं. त्याचं तिला काही वाटलं नाही, सगळेच उपसत होते.

चौथ्या दिवशी पहाटे जानरावचा बैल पाखऱ्या मेला.

त्या साली लम्पीच्या रोगानं ढोरं घेतली होती. पाखऱ्या पंधरा दिवस अंथरूण धरून होता. अंगभर गाठी, गाठी फुटून जखमा, पाय सुजून खांबासारखे. डॉक्टर येऊन सुया टोचून गेला. जानरावची बायको रुख्मिणी हळदीचं तेल लावून लावून थकली. शेवटी पहाटे बैलानं मान टाकली. बैल मेला तर घरातलं माणूस मेल्यासारखं असतं. जानराव ओट्यावर डोकं धरून बसला होता, त्या घरात चूल पेटली नव्हती.

आता त्याला न्यायचं कसं हा प्रश्न. जेसीबीवाल्यानं नाल्याकाठच्या वावरात खड्डा करून दिला आणि तो पुढच्या कामावर निघून गेला. गोठा गल्लीच्या पार आत. ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशीच अडला. त्यावर जानरावचा पुतण्या ऋषिकेश तोंडाला रुमाल बांधून बसला होता. ट्रॅक्टरला जाड दोरखंडाचा नाडा बांधलेला, नाड्याचं दुसरं टोक गोठ्याच्या दाराशी पडलेलं. ते टोक बैलाच्या पायाला बांधायचं आणि गल्लीच्या वळणावर बैल भिंतीला अडकला तर रेटून सरळ करायचा, एवढंच काम होतं. एवढंच काम करायला गावात माणूस नव्हतं. सकाळपासून नाडा तिथंच पडला होता आणि बाप्ये लांब उभे राहून सल्ले देत होते. ज्याच्या त्याच्या घरी ढोरं. मेलेल्या बैलाला हात लावला तर बिमारी हातानं, कपड्यानं आपल्या गोठ्यात येईल, ही भीती खरीच होती.

उन्हं चढली तसा वास सुटला. जानराव शाळेत आला आणि सरांपुढं हात जोडून उभा राहिला. सर हलले. ज्याच्या ज्वारीवर शिबिर चाललं होतं तो माणूस दारात आला होता. आणि सरांना त्यात शिबिराचं सोनंही दिसलं. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, आज श्रमदान हेच. पुस्तकातलं समाजकार्य पुष्कळ झालं, आज समाजाला आपली खरी गरज आहे.

पोरंपोरी हातमोजे घालून, मास्क लावून निघाली. रत्नमाला पण निघाली. हे काम काय आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं कधी केलं नव्हतं, नवऱ्यानं केलं नव्हतं, सासऱ्यानंही नाही. पण सासऱ्याच्या बापापर्यंत त्या घरानं हेच केलं होतं. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर सोडलं, आणि सोडलं म्हणून काय काय भोगलं ते शेषराव कधी कधी सांगे. सरांना गाठून ती हळूच म्हणाली, सर, सगळे मिळून करू, माझ्या एकटीवर येऊ देऊ नका.

"एकटीवर कसं येईल? आपण टीम आहोत," सर म्हणाले.

गोठ्याशी पोचल्यावर टीम दारातच थांबली. आत पाखऱ्या आडवा पडला होता, पोट फुगून तट्ट, तोंडाला माश्या. दोन पोरं आत डोकावून उलट्या पावली बाहेर आली. एकाला ॲलर्जी आठवली. वैभवी नाड्याला हात घालून दोन पावलं आत गेली. ती खरंच गेली, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण पाखऱ्याच्या मांडीवरची गाठ फुटलेली दिसली आणि ती भिंतीशी वाकून ओकायला लागली. तिला धरून न्यायला चार जणी धावल्या, एकीचं काम असताना चार जणी. सर स्वतः रुमाल नाकाला लावून दाराबाहेर उभे. नाडा पुन्हा जमिनीवर पडला. आणि मग भोवतीच्या सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या.

रत्नमालानं त्या माना पाहिल्या. ती भिंतीला टेकून उभी होती. तिची टोपी घामानं कपाळाला चिकटली होती.

जानराव जवळ आला, पण हातभर अंतर ठेवून. त्याचे डोळे रडून लाल होते. "रत्ना, तुह्याकडे ढोरं नाईत," तो म्हणाला. "तुले बिमारीचं भेव नाई. मी जातीचं नाई बोलून राह्यलो बरं का. बिमारीचं बोलून राह्यलो."

रत्नमालाला वाटलं, विचारावं, सरांकडे तरी कुठं ढोरं आहेत? तिथं लांब उभा तो शाळेचा मास्तर, तो दुकानदार, त्यांच्याकडे आहेत? त्याऐवजी तिनं सरांकडे पाहिलं.

सर तिला बाजूला घेऊन गेले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा मऊ होता. ते म्हणाले, "ताई, काम लहानमोठं नसतं. व्यावसायिक समाजकार्यकर्त्यानं आपल्या मनातली जुनी दुखणी बाहेर ठेवून यायची असतात. तुम्ही स्थानिक आहात, तुम्हाला हे सोपं जाईल. आणि मूल्यमापन माझ्याकडेच आहे, पण मी त्यासाठी म्हणत नाही."

त्यासाठी म्हणत नाही म्हटलं की ते त्यासाठीच असतं, एवढं कळायला तीन वर्षं कॉलेजात जावं लागत नाही. रत्नमालाच्या डोळ्यापुढं मानोऱ्याचं वसतिगृह आलं. पेटीतला पांढरा सदरा आला. आणि पाखऱ्या पण आला. ह्याच बैलानं ओढलेल्या डवऱ्यामागं तिनं किती पावसाळे निंदण केलं होतं. बांधावर भाकर खाताना तो मान लांबवायचा आणि ती त्याला अर्धी चतकोर द्यायची. मेलेलं जनावर घाण नसतं, घाण आपण ठरवतो, असंही तिनं स्वतःला सांगून पाहिलं. मनाला पटवायचं म्हटलं की माणसाला कारणं पुरतात. तिनं साडीचा ओचा खोवला आणि आत गेली.

पायाला नाडा कसा बांधायचा हे तिला ठाऊक नव्हतं. तिला ते येत असेल हे मात्र सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तुरीची पेंढी बांधतात तशी तिनं मागच्या दोन पायांना गाठ मारली. ऋषिकेशनं ट्रॅक्टर ओढला. नाडा ताणला, पायाची कातडी सोलत सरकला आणि सटकन निघून भिंतीवर आपटला. तिच्या तोंडावर काहीतरी ओलं उडालं. लांबून कुणीतरी म्हणालं, "शिकल्यावर इसरली वाटते." आणि हसणं ऐकू आलं.

"खुराच्या वर घे," जानराव दारातून सांगू लागला. "दोन वेढे घे. मंधातून काढ. आता आवळ. तसं नाई, उलटा पेच दे."

त्याला सगळं बारीकसारीक येत होतं. बोटांनी हवेत गाठ मारून दाखवत होता. हात तेवढा लावत नव्हता. ती गुडघ्यावर बसून तो सांगेल तसं करत गेली. हातमोजा फाटला, तो तिनं काढून फेकला.

दुसऱ्या ओढीला पाखऱ्या हलला. गोठ्याच्या उंबऱ्यावरून त्याचं धूड घासत बाहेर आलं आणि गल्लीच्या वळणावर शिंग भिंतीत रुतलं. तिनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं, छातीला धरलं, आणि रेटलं. गाठी तिच्या दंडावर फुटल्या. बैलाचा डोळा उघडाच होता. गल्लीच्या दोन्ही ओट्यांवर बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यात तिच्यासोबत रोज निंदायला जाणाऱ्या पण होत्या. कुणी पुढं आली नाही. एकीनं तेवढं आपलं पोर उचलून आत नेलं.

गल्ली संपली. ट्रॅक्टर मोकळ्या रस्त्याला लागला. रत्नमाला मागून चालत होती, हात अंगापासून लांब धरून, आणि रस्त्याच्या पलीकडे, पिंपळाखाली, शेषराव उभा होता.

त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. चप्पलही न घालता आला होता. त्यानं ट्रॅक्टर पाहिला, बैल पाहिला, मग सुनेच्या डोक्यावरची पांढरी टोपी पाहिली. पाठ फिरवून चालू लागला. ती हाक मारणार होती, पण तेवढ्यात सरांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या पोरांनी वाजवल्या. फोटो काढले गेले. मागं टीम, पुढं ती. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला आणि खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

नियम मोडून ती संध्याकाळी घरी गेली. हातपंपावर तिनं तीनदा अंघोळ केली होती, निरम्यानं हात घासले होते. शेषराव अंगणात बाजेवर बसला होता. संघपाल नुकताच शेलूबाजारहून आलेला, जेवत होता. ताटावरून मान न उचलता तो म्हणाला, "अजून वास येऊन राह्यला."

ती बाजेशी खाली बसली. जेवले का, असं तिनं सासऱ्याला विचारलं. बुद्धविहारात पोरं वंदना म्हणत होती, ती संपली.

"मामाजी, मार्क होते," ती म्हणाली. "मी सगळ्यायसंग करत होती."

"संग कोन होतं?"

तिनं हात पदराखाली घेतले.

शेषराव सावकाश बोलू लागला, भांडल्यासारखं नाही. "माह्या बापानं अन् मोहल्ल्यानं नाडा जाळला तवा मी लहान होतो. गावानं काम बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली, वावरातून जाऊ देत नोते. आमी तरोट्याची भाजी खाऊन राह्यलो. माही एक बहीन त्याच्यात गेली. ह्याच जानरावचा आजा दाराशी आला अन् म्हने, एक ढोर ओढ, पोतंभर ज्वारी देतो. बाप घरात बहिनीपाशी बसून होता. नाई म्हने." तो थांबला. "बाप मेला तवा त्याच्या अंगावर धड कपडा नोता, रत्ना. पन हाताले वास नोता."

रत्नमाला रडली. खूप रडली. म्हाताऱ्यानं तिला रडू दिलं, तिच्या डोक्यावरून हात मात्र फिरवला नाही. पूर्वी फिरवायचा. जाताना तिनं भाकरी करून ठेवली. सात दिवस संपवून ती घरी आली तेव्हा ती भाकरी दुरडीत तशीच वाळून होती. त्यानंतर तो पाणीही माठातून आपलं आपण घेऊ लागला.

निकाल जूनमध्ये लागला. रत्नमाला पहिल्या वर्गात आली. शिबिरात तर तिला वर्गात सगळ्यांहून जास्त गुण होते, सरांनी न दिलेला शब्दही पाळला. मानोऱ्याच्या बाईंचा फोन आला, डिग्रीचा कागद घेऊन सोमवारी या. धम्मदीपा अकोल्याहून फोनवर आनंदानं ओरडली. आणि काळ जातो तसा शेषरावही जरा मऊ झाला होता. उन्हाळाभर तो एकेक शब्द बोलू लागला होता. त्या सोमवारी आधी कॉलेजातून डिग्री आणायची होती, मग मानोरा. सकाळी तिनं चहा ठेवला आणि पाहते तर म्हाताऱ्यानं पेटी उघडली होती. डांबरगोळ्यांचा वास घरभर सुटला. सदरा अंगात घातला, मोठा झाला होता. वर्षात म्हातारा आटला होता. बाह्या दुमडत तो म्हणाला, "जीप किती वाजता हाय?"

तिला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं दोन कपांत चहा ओतला.

तेवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली. जानरावचा पुतण्या ऋषिकेश. आजवर तो बुद्धनगरात कधी आला नव्हता. चपला काढून अंगणात उभा राहिला, अदबीनं. म्हणाला, "मॅडम, नमस्कार."

ह्या गावात तिला मॅडम म्हणणारा तो पहिला. तिनं पदर नीट केला. काय काम काढलं, असं विचारलं.

"काकाची गाय गेली रातीतून. त्याच गोठ्यात हाय. ट्रॅक्टर आनला मी गल्लीच्या तोंडाशी. तेवढं या ना मॅडम. काकानं मुद्दाम तुमाले बलावलं."

घरात शेषराव बाह्या दुमडत होता, तो थांबला.

रत्नमाला म्हणाली, तुमचं ढोर तुमी ओढा, मी येत नसते. आवाज तिचा चढला नाही. ऋषिकेशला राग आला नाही. त्याला खरंच नवल वाटलं. तो पोरगा मनानं सरळ होता, आणि त्यानंच जास्त लागलं.

"मंग तवा कसं केलं?" तो म्हणाला. "तवा मार्क होते म्हनून?"

तेच खरं होतं.

"आमाले कुठं येते मॅडम ते," तो समजुतीच्या आवाजात म्हणाला. "तुमी तं त्याच्यातच डिग्री घेतली ना."

तिनं त्याला जा म्हटलं. तो थोडा वेळ घुटमळला, मग चपला घालून रस्त्याच्या पलीकडे लिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला. बाईचं मन वळेल असं त्याला वाटत असावं. त्यानं फोन कानाला लावला आणि काकाला सांगू लागला की थांबा, येतात.

ती घरात आली. शेषरावनं सदरा काढला होता. उघड्या अंगानं बाजेवर बसून तो सदऱ्याची घडी घालत होता, बाही आत, कॉलर वर, नवा होता तशी. घडी नीट जमेना म्हणून त्यानं ती पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली.

"मामाजी, जीप जाईन," ती म्हणाली.

"जाय तू."

"तुमी म्हनले होते ना, संग येतो."

त्यानं सदरा पेटीत ठेवला, वर डांबरगोळ्या ठेवल्या आणि झाकण लावलं. मग तिच्याकडे न पाहता म्हणाला, "आन डिग्री घेऊन. पोटाचं काम हाय, आनाच लागते. फक्त घरात ठिवशीन तं वरच्या फळीवर ठिव, भांड्यायच्या मांगं. मले दिसन अशी ठिवू नको."

चहा निवून त्यावर साय धरली होती. रत्नमालानं पिशवी खांद्याला लावली. पिशवीत आज भाकरी नव्हती. ती बाहेर पडली तसा लिंबाखालचा ऋषिकेश सरळ झाला आणि त्यानं मोटारसायकलला किक मारली. ती त्याच्या पुढून फाट्याच्या रस्त्याला लागली. तो थोडं अंतर गाडी हळू चालवत तिच्या मागं आला, आणि मग ती खरंच गल्लीकडे वळत नाही हे पाहून परत फिरला.

फाट्यावर निंदणाच्या बाया उभ्या होत्या. तिच्या इस्त्रीच्या साडीकडे त्यांनी पाहिलं. एकीनं विचारलं, "ऋषी आलता वाटते तुह्या घरी. कोनाचं ढोर मेलं, रत्ना?"